नसलेल्या ग्रहाचा गोल

ज्या ग्रहाची कोणी कधी मोजणी केलेली नाही, ज्याच्या हद्दीचे दगड कोठे रोवलेले नाहीत आणि ज्याच्या डोंगरनद्यांचा दाखला कोणत्याही दफ्तरात सापडण्याची आशा नाही, अशा ग्रहाचा गोल स्वतःच्या हातांनी मुळापासून घडवावयास बसलेल्या मनुष्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो प्रमाणाचा: आपण येथे पर्वत काढला तो बरोबर की चूक, हे ठरवावयाचे कशाच्या आधारावर? पृथ्वीचा गोल करणाऱ्याला ही चिंता नसते, कारण त्याच्या पाठीशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मोजणीदारांचे कष्ट उभे असतात आणि त्याची चूक कोणीही सांगू शकतो. काल्पनिक ग्रहाच्या कारागिराला असा साक्षीदार नाही. आणि तरीही, हा उद्योग काही वर्षे फावल्या वेळात करीत आल्यावर व पूर्वसूरींनी केलेले गोल जमेल तितके अभ्यासल्यावर माझे मत असे बनत गेले आहे की त्याच्या चुका पकडणारा एक परीक्षक त्याच्या मेजावरच असतो, आणि तो म्हणजे खुद्द तो गोल. शब्दांत जे खपून जाते आणि सपाट नकाशात जे झाकले जाते, ते गोलाच्या पृष्ठावर उतरवू लागताच उघडे पडते. या मताच्या आधारे या साऱ्या विषयाचा आढावा घेण्याचे मी योजले आहे.

प्रारंभ आपल्याच प्रदेशातून करणे उचित होय. इ. स. ११५० मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी गोल बांधण्याचा विधी सविस्तर दिला आहे. परंतु मला त्याहून मोलाचे वाटते ते गोलाच्या पृष्ठफळाविषयीचे त्यांचे विवेचन. पूर्वीचे ज्योतिषी लल्लाचार्य यांचे गणित कोठे चुकले हे दाखवताना ते वाचकाला मातीचा किंवा लाकडाचा गोल करून घ्यावयास सांगतात, आणि आवळ्याच्या फळावर देठापासून तळापर्यंत ज्या नैसर्गिक रेषा असतात तशा रेषांनी त्याच्या फाकी पाडून एकेका फाकेचे क्षेत्र काढावयास लावतात. ज्या आचार्याचे गणित मनातल्या मनात चालू शकत होते, त्याने शिष्याच्या हाती मातीचा गोळा द्यावा, ही गोष्ट मी पुष्कळदा आठवतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. त्या मठात असे किती गोळे फुटले नि किती टिकले असतील याची कल्पना करण्यात मन रमते.

सिद्धान्तशिरोमणीतील भुवनकोश या प्रकरणात आमच्या विषयाचा गाभाच येतो. पुराणांनी वर्णिलेली पृथ्वी सपाट आहे: मध्यभागी लक्ष योजने व्यासाचे जम्बुद्वीप, त्याभोवती लवणसमुद्र, मग द्वीप, मग समुद्र, अशी सात द्वीपे आणि इक्षुरस, सुरा, घृत, दधि, दुग्ध इत्यादींचे सात समुद्र, आणि प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट रुंदीचे. ही रचना कागदावर कितीही वाढवीत नेता येते. पण भास्कराचार्यांची पृथ्वी ४९६७ योजने परिघाचा गोल आहे, आणि गोलावर वर्तुळे विषुववृत्तापलीकडे वाढत नाहीत, ती आकसू लागतात. म्हणून त्यांनी तोड काढली ती अशी: उत्तरेकडील अर्धा भाग जम्बुद्वीपाचा, विषुववृत्ताशी लवणसमुद्र, आणि उरलेली सहा द्वीपे व त्यांचे समुद्र दक्षिणेकडील अर्ध्यात. द्वीपांची नावे राहिली, त्यांचा क्रम राहिला. दुपटीचा हिशेब मात्र गोलाने मान्य केला नाही.

ही तडजोड धातूत उतरलेली पाहावयाची असेल तर ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयात क्षेमकर्ण नावाच्या कारागिराने १५७१ मध्ये केलेला पितळी भूगोल आहे. तो दोन अर्धगोलांचा, मधून डब्यासारखा उघडणारा आहे, आणि त्याच्या अंगावर पुराणांतील द्वीपे, समुद्र व पर्वत कोरलेले आहेत. कोणी त्याला चुकीचा पृथ्वीगोल म्हणेल. मला तो अत्यंत शिस्तीने घडवलेला असा एका श्रद्धेय ग्रंथातील ग्रहाचा गोल वाटतो, कारण सपाट वर्णनाला गोल आकार देताना जे प्रश्न पडतात ते सर्व त्या कारागिराला पडलेले आहेत, आणि प्रत्येकाचे उत्तर त्याने छिन्नीने, म्हणजे पुसता न येणाऱ्या हत्याराने, देऊन ठेवले आहे.

युरोपातील जुन्या गोलांचा मामला याहून फारसा निराळा नाही. न्यूरेंबर्गच्या मार्टिन बेहाइमने १४९२ मध्ये करविलेला, सुमारे अर्धा मीटर व्यासाचा गोल आजही त्या शहरात आहे. त्यावर अमेरिका नाही. युरोपच्या पश्चिमेस आशियापर्यंत पसरलेला एकच विस्तीर्ण समुद्र आहे आणि त्यात दंतकथेतील बेटे विखुरलेली आहेत. सपाट नकाशा करणारा कागदाची कड आली की थांबतो आणि पलीकडचे वाचकाच्या तर्कावर सोडतो. गोलाला कड नाही. युरोपाच्या पश्चिमेपासून आशियाच्या पूर्वेपर्यंत जी जागा उरते तिचे काही ना काही करावेच लागते, आणि बेहाइमच्या मंडळींनी ती बेटांनी भरली.

जागा न भरण्याचाही एक मार्ग आहे, आणि तो पत्करणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात विशेष आदर आहे. जॉन रसेल हा इंग्लंडचा चित्रकार. रात्रीमागून रात्री दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याने १७९७ मध्ये चंद्राचा गोल प्रसिद्ध केला. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते, म्हणून रसेलने दिसलेल्या बाजूवर विवरे व पर्वत बारकाईने रेखाटले आणि दुसरी बाजू कोरी ठेवली. ती बाजू प्रथम दिसली ती १९५९ च्या ऑक्टोबरात, सोव्हिएत संघाच्या लूना-३ यानाने छायाचित्रे पाठविली तेव्हा. मधली एकशेबासष्ट वर्षे रसेलचा अर्धा गोल पांढरा होता.

रसेलच्या नेमक्या उलट टोकाला मंगळाचा इतिहास आहे. १८७७ मध्ये स्कियापारेल्लीने मंगळावर सरळ रेषा पाहिल्या. १८९४ पासून फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेतून पर्सिव्हल लॉवेलने त्या रेषांना कालवे ठरवून त्यांचे जाळेच्या जाळे आखले, आणि कोरड्या पडत चाललेल्या ग्रहावर ध्रुवांकडील बर्फाचे पाणी शेतांपर्यंत नेणाऱ्या एका सुजाण समाजाची कैफियत मोठ्या वक्तृत्वाने मांडली. एमी इंगेबोर्ग ब्रुन या डॅनिश बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी या नकाशांवरून मंगळाचे गोल स्वतःच्या हाताने रंगविले. त्यांपैकी एक केंब्रिजच्या व्हिपल संग्रहालयात आहे. साऱ्या ग्रहाने एकत्र येऊन उभारलेल्या कालव्यांत त्यांना मानवी समाजाला घेण्यासारखा धडा दिसत होता. तांबूस-पिवळ्या गोलावर बारीक कुंचल्याने ओढलेल्या त्या रेषा, आणि जेथे दोन-तीन रेषा मिळतात तेथे टिपलेले हिरवळीचे ठिपके, हे सारे नसलेल्या ग्रहाचे आहे. करणारीला मात्र तो ग्रह खरा वाटत होता, आणि हा विश्वास तिच्या प्रत्येक रेषेत उतरला आहे.

या प्रकरणात गोलाने परीक्षकाचे काम का केले नाही, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो माझ्या मताला अडचणीचा आहे हे मी मान्य करतो. कालव्यांचे जाळे गोलावर व्यवस्थित बसते. त्यात आकाराचा कोणताही विरोध नाही. दोष होता तो डोळ्याचा. १९०३ मध्ये एडवर्ड माँडरने ग्रिनिचच्या शाळेतील मुलांना दुरून एक चित्र पाहून त्याची नक्कल करावयास लावली, तेव्हा चित्रात नसलेल्या सरळ रेषा मुलांच्या कागदावर उतरल्या, कारण तुटक ठिपके दुरून पाहताना दृष्टी ते जोडून घेते. १९६५ च्या जुलैत मॅरिनर-४ यानाने एकवीस पूर्ण व एक अपुरे छायाचित्र पाठविले, त्यांत विवरे दिसली, आणि कालव्यांचा ग्रह त्या दिवसापासून केवळ गोलांवर व ग्रंथांत उरला. तेव्हा गोल पाहणीची खोटी साक्ष पकडू शकत नाही, एवढी मर्यादा माझ्या विधानाला घातली पाहिजे. कल्पनेतील अंतर्विरोध मात्र तो सहसा पकडतोच.

विज्ञानकथांतील ग्रहांकडे आले की हे फार चांगले दिसते. हॅल क्लेमेंट यांच्या 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' या १९५३ च्या कादंबरीतील मेस्क्लिन हा ग्रह अठरा मिनिटांच्या आत स्वतःभोवती एक फेरी पुरी करतो, आणि या वेगामुळे तो विषुववृत्तापाशी फुगून इतका चपटला आहे की त्याचा विषुववृत्तीय व्यास ४८,००० मैल, तर ध्रुवीय व्यास वीस हजारांच्या आतला. तीस सेंटिमीटर रुंदीची प्रतिकृती करावयाची तर तिची जाडी सव्वाबारा सेंटिमीटरांच्या आसपास भरेल. हातात घेतली तर ती दोन्ही बाजूंनी फुगलेल्या जाड भाकरीसारखी वाटेल. लेखकाने विषुववृत्तावर पृथ्वीच्या तिप्पट आणि ध्रुवांवर सुमारे सातशेपट गुरुत्व कल्पिले होते. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेतील विज्ञानकथाप्रेमी विद्यार्थ्यांनी हिशेब पुन्हा मांडून दाखविले की ध्रुवांवरचे गुरुत्व त्याहून पुष्कळ कमी भरेल आणि ग्रहाची कड अधिक धारदार होईल. क्लेमेंट यांनी ही दुरुस्ती मोकळ्या मनाने स्वीकारली. कल्पनेवर हिशेबाचा अंमल इतक्या सहजपणे चालू देणारा लेखक विरळा. फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' (१९६५) मधील वाळवंटी ग्रहाचा प्रश्न निराळा आहे: पुस्तकासोबतचा नकाशा उत्तर ध्रुवाभोवतीचा आहे, त्यामुळे त्याचा गोल करणाऱ्याला दक्षिण गोलार्धाची तजवीज स्वतः करावी लागते, आणि बेहाइमचा मार्ग धरावा की रसेलचा, हे त्याला पहिल्याच दिवशी ठरवावे लागते.

चित्रपटांतील प्रतिकृतींविषयी थोडक्यात आटोपतो, कारण तेथे गोल सर्व बाजूंनी पाहिला जाण्याची शक्यताच नसते. 'स्टार वॉर्स' (१९७७) मधील चंद्राएवढ्या कृत्रिम ठाण्याचे पृष्ठ मोजक्या साच्यांतून ओतलेले चौकोनी तुकडे निरनिराळ्या दिशांनी फिरवून मांडून केले होते, आणि त्या काळच्या कारागिरांचा शिरस्ता असा की बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या नि जहाजांच्या प्लास्टिक संचांतले सुटे भाग चिकटवून पृष्ठावर बारकावा आणावयाचा. हुन्नर उत्तम आहे. परंतु तो कॅमेऱ्याच्या एका डोळ्यासाठी आहे, आणि मेजावरच्या गोलाला हवे त्याने, हवे तेव्हा, हवे तसे फिरवून पाहावयाचे असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. माझा पहिला गोल तीस सेंटिमीटर व्यासाचा होता, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून ग्रहाचा आकार पृथ्वीएवढा धरला होता. गाभ्यासाठी फुगा वापरू नये. तो कधीच खरा गोल नसतो. जुने कारागीर लाकडी गोळ्यावर कागद व खळ यांचे थर देऊन, वाळल्यावर विषुववृत्तावर कापून दोन वाट्या काढीत, त्या पुन्हा जोडून वर प्लास्टर चढवीत आणि पत्र्याचा अर्धवर्तुळाकार फर्मा पक्का बसवून त्याच्याखाली गोल फिरवीत तासून घेत. समतोलासाठी आत शिशाच्या छऱ्यांची पिशवी ठेवण्याचीही रीत होती. मीही प्लास्टर आणि फर्मा हाच मार्ग धरला. फर्म्याखाली गोल फिरू लागला की जेथे उंचवटा असेल तेथे पत्रा कुरकुरतो, खळगा असेल तेथे गप्प राहतो, आणि काही तासांनी तो सर्वत्र एकाच सुरात घासू लागला म्हणजे गोल झाला असे कानानेच कळते.

यानंतर फाकी, म्हणजे नकाशा आखलेल्या कागदाच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्या. परीघ सव्वाचौऱ्याण्णव सेंटिमीटर, फाकी बारा, म्हणून विषुववृत्तावर प्रत्येकीची रुंदी ७.८५ सेंटिमीटर, साठ अक्षांशांवर तिची बरोबर निम्मी, आणि ध्रुवावर शून्य. १८२७ मध्ये गाउसने सिद्ध केले की गोलाचे पृष्ठ ताणल्या-फाडल्याशिवाय सपाट होऊ शकत नाही, आणि अर्थातच सपाट कागद त्याच्यावर निमूट बसत नाही. प्रत्यक्षात तो बसतो, याचे कारण ओला कागद ताणतो. हे मला ठाऊक होते. किती ताणतो हे ठाऊक नव्हते. पहिली फाक खळ लावून बसविली, कापडाने दाबून मधली हवा काढली, तिच्या कडेला दुसरी भिडविली, आणि प्रत्येक फाक जेमतेम दीड मिलिमीटर रुंद झाल्याचे माझ्या ध्यानातही आले नाही. बाराव्या फाकेपाशी आलो तेव्हा तिच्यासाठी उरलेली जागा तिच्या रुंदीहून अठरा मिलिमीटरांनी कमी होती.

त्या बाराव्या फाकेच्या कडेला, बरोबर सांध्यावर, मी एक सामुद्रधुनी काढली होती. तिची रुंदी एक सेंटिमीटर, म्हणजे त्या प्रमाणात सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. तिच्या दोन तीरांवर दोन निराळ्या भाषा बोलणारे लोक आहेत, त्यांच्यात हजारो वर्षे संबंध आला नाही, आणि एका तीरावर घोड्यासारखे जनावर आहे तर दुसऱ्यावर नाही, असा पुष्कळ मजकूर मी वहीत लिहून ठेवला होता. फाक फाकेवर चढली आणि सामुद्रधुनी तिच्याखाली नाहीशी झाली. दोन खंड एक झाले. मी ती फाक उपटून काढू शकलो असतो. पण खळ अर्धी वाळली होती आणि खालचे प्लास्टर सोबत निघाले असते. त्या रात्री वहीतली चाळीसएक पाने मी पुन्हा वाचली आणि मला आढळले की सामुद्रधुनी मी केवळ दोन्ही लोकांना वेगळे ठेवण्याच्या सोयीसाठी काढली होती. तिच्या दोन्ही तीरांवर एकच डोंगररांग समोरासमोर आली होती, आणि मधली जमीन कोठे गेली याचे माझ्यापाशी उत्तर नव्हते. नव्या भूगोलात ती रांग अखंड झाली, आणि ती दोन्ही लोकांना वेगळे ठेवण्याचे काम समुद्राहून अधिक पटण्यासारख्या रीतीने करू लागली.

नव्या उमेदवारासाठी एवढे सांगतो: कागदाची एक पट्टी आधी खळीत भिजवून मोजावी, सर्व फाकी कागदाच्या एकाच दिशेने कापाव्यात, ताण वजा करूनच आखणी करावी, आणि ध्रुवावर बारा टोके एकत्र आणण्याचा हट्ट सोडून तेथे जुन्या कारागिरांप्रमाणे स्वतंत्र वाटोळी टोपी बसवावी.

उंचसखलपणाचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. तीस सेंटिमीटरांच्या पृथ्वीगोलावर एव्हरेस्टची उंची खऱ्या प्रमाणात एक पंचमांश मिलिमीटर भरते. बोटाला ती पुसटशीच जाणवेल. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स हा सुमारे बावीस किलोमीटर उंचीचा ज्वालामुखी तेवढ्याच मंगळगोलावर जेमतेम एक मिलिमीटर उठतो. म्हणजे पर्वत हाताला ठळकपणे लागावेत असे वाटत असेल तर त्यांची उंची वीस-तीस पट वाढविणे भाग आहे, आणि एकदा वाढविली की साऱ्या ग्रहावर तेच पट लावले पाहिजे. आवडत्या पर्वताला पन्नास आणि इतरांना वीस असा पक्षपात करणारे पुष्कळ गोल मी पाहिले आहेत, आणि ते नजरेला लगेच खटकतात.

हवामानाचे तसेच. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो आणि तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर माणदेशात तो पाचशेच्या आसपास येतो, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही अंगवळणी पडलेले सत्य आहे. पण तीस सेंटिमीटरांच्या गोलावर हे अंतर अडीच-तीन मिलिमीटर भरते. गर्द हिरव्या रंगापासून भुऱ्यापर्यंतचा सारा पल्ला कुंचल्याच्या एका टोकाच्या रुंदीत गाठावा लागतो. ज्याने डोंगराच्या दोन्ही अंगांना सारखाच हिरवा फासला त्याने वारा कोणत्या दिशेने वाहतो याचा विचार केलेला नाही, हे त्या ग्रहाविषयी एक अक्षरही न वाचता सांगता येते.

अलीकडे संगणकाने या उद्योगाचे पुष्कळ कष्ट हलके केले आहेत. पृथ्वीच्या भूपट्टांच्या हालचाली अभ्यासण्यासाठी शास्त्रज्ञांनी केलेली जीप्लेट्स ही प्रणाली वापरून कल्पित खंडांना कोट्यवधी वर्षे सरकविणारे हौशी लोक आहेत, नासाची जी.प्रोजेक्टर ही प्रणाली आयताकृती नकाशाला हव्या त्या प्रक्षेपात बदलून देते, आणि त्रिमितीय छपाईची यंत्रे उंचसखल गोल थेट घडवून देतात. मी यांचा विरोधक नाही. एवढेच नोंदवितो की पडद्यावरच्या आयताकृती नकाशाची वरची कड ही वस्तुतः एकच बिंदू आहे याचा विसर यंत्रासमोर बसलेल्याला फार सहज पडतो, आणि मग छापून आलेल्या गोलाच्या ध्रुवावर सारे डोंगर चुणीच्या गाठोड्यासारखे एकत्र ओढले गेलेले दिसतात. त्याच कडेवर हाताने फाक कापताना ती कात्रीखाली शून्यापर्यंत निमुळती होत जाते, आणि येथे दोनशे मैल रुंदीचे जंगल मावणार नाही हे बोटांना आधी कळते.

सध्या हाती असलेला माझा गोल पंचेचाळीस सेंटिमीटरांचा आहे. उत्तर गोलार्ध पुरा झाला आहे, विषुववृत्ताखालच्या दोन द्वीपांचे किनारेही ठरले आहेत. त्याखाली, सुमारे चाळीस अक्षांशांपासून दक्षिण ध्रुवापर्यंत, तेथील वारे कोठून येतात हे मला अद्याप उलगडलेले नाही. तो भाग मी घासून, गुळगुळीत करून, पांढरा ठेवला आहे.